उतरता खांदा

१

मास्तरांच्या शर्टाचं सगळ्यात वरचं बटण रोज सकाळी मास्तरीणबाई लावत. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. जन्मभर लोकांच्या गळ्यांची मापं घेतलेल्या माणसाला स्वतःच्या गळ्याखालचं काज काही सापडायचं नाही. बाकीची बटणं मास्तर झटक्यात लावत, मग हनुवटी वर करून छताकडे बघत उभे राहत आणि म्हणत, "वरचं बटण तेवढं लाव गं."

"गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानाला टाळं लागेल," बाई म्हणत.

"कळतंय कशाला? तू आहेस ना."

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढा त्यांचा संसार. दुकानात पायाचं मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात ट्रायलची खोली. खोली आपली म्हणायची. तीन बाजूंना फळ्या आणि चौथ्या बाजूला तपकिरी पडदा, तोही जमिनीपासून वीतभर वर राहिलेला. त्याच्याखालून आतल्या गिऱ्हाइकाचे पाय दिसत. पाय पडद्याकडे वळले की समजायचं, कपडे घालून झाले. दुसरा कपडा द्यायचा असला तर तो पडद्यावरून द्यायचा. बाई मागच्या खोलीच्या दारात बसून काज-बटण आणि तुरपाई करत, आणि एक डोळा त्या पायांवर ठेवत.

त्या सकाळी वरचं बटण लागेना. काज आणि बटण समोरासमोर येत आणि बोटभर आधीच थांबत.

"कॉलर आटली असेल," मास्तर छताकडे बघतच म्हणाले.

"आटायला हे काय बाजारचं आहे? मी स्वतः कापड भिजवून वाळवलं होतं."

मास्तरांच्या रक्तात एक दुखणं बरीच वर्षं मुक्कामाला होतं. रक्ताचा कॅन्सर, पण संथ जातीचा. रोज सकाळी एक पांढरी गोळी घेतली की गुमान पडून राहणारा. पहिल्यांदा कळलं तेव्हा बाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मग सवय झाली. घरात एखादा तापट सासरा असावा, तसा त्यांनी त्याचा स्वभाव ओळखला. वेळच्या वेळी गोळी द्यायची, वेळच्या वेळी तपासणी करायची आणि एरवी त्याच्या वाटेला जायचं नाही.

म्हणूनच त्या कॉलरनं त्यांना घाबरवलं. दुखणं उठलं की माणूस वाळतो, हे त्यांना ठाऊक होतं. मास्तर वाळलेही होते. विजारीची कंबर नुकतीच आत घ्यावी लागली होती. मग गळा कसा वाढला?

त्यांनी कॉलरच्या आत बोटं घातली. जबड्याखाली दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या गाठी होत्या, बोटाखालून सरकणाऱ्या.

"दुखतंय?"

"अजिबात नाही," मास्तर म्हणाले. "गुदगुल्या होतायत."

२

रक्ताच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि बोलायला मोकळ्या. या वेळी मात्र त्यांनी समोरचे कागद आधी दोनदा उलटून पाहिले.

लॅबनं मास्तरांचं रक्त दुसऱ्यांदा मागवलं होतं. का, ते त्या दिवशी सिस्टरनं सांगून टाकलं होतं. एका नळीत दोन माणसांचं रक्त मिसळलंय, अशी लॅबची खात्रीच झाली होती. दुसऱ्या खेपेला सिस्टरनं डोळ्यांत तेल घालून सगळं केलं. रक्त पुन्हा तसंच निघालं.

"म्हणजे जुनं दुखणं चवताळलं का?" बाईंनी विचारलं.

"मलाही आधी तेच वाटलं होतं. पण नाही. जुनं आहे तिथंच आहे. हा दुसरा आलाय. हाही ल्युकेमियाच, हाही संथ, पण जात वेगळी. पांढऱ्या पेशींची घराणीच वेगळी आहेत. पहिल्यातून दुसरा निघालेला नाही. दोघं एकमेकांचे कुणी लागत नाहीत. एकाच माणसात हे दोन्ही फार क्वचित सापडतात."

"आणि एकाच घरात राहतात," मास्तर म्हणाले.

"हो. पण एकमेकांना ओळखत नाहीत."

"दुष्काळात तेरावा महिना," असं म्हणून मास्तर हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात ती नळी फिरत होती.

जुनी पांढरी गोळी सकाळी चालूच ठेवायची, नवी पिवळी संध्याकाळी. पांढरीचा नव्या दुखण्यावर उपयोग नाही आणि पिवळीचा जुन्यावर. तेव्हा एकही चुकवायची नाही. "जुनी तर मुळीच नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "ती थांबली तर पहिला उठून बसेल."

घरी आल्यावर बाईंनी बटणांचा दोन कप्प्यांचा डबा रिकामा केला. एका कप्प्यात पांढऱ्या गोळ्या ठेवल्या, दुसऱ्यात पिवळ्या. दुखण्यापुढे हरायचं नाही, मास्तरांना हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं.

३

गळा वाढला, कंबर उतरली, म्हणजे नवा शर्ट आलाच. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. फीत धरायला हात उचलला की खांदा हलतो. म्हणून मास्तरांचं माप बाई घेत आणि बेतायचं काम मास्तर करत.

मास्तरांचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला होता. वर्षानुवर्षं जड कात्री चालवली त्याची ती निशाणी. त्यांचा प्रत्येक शर्ट उजवीकडे तेवढा खाली बेतलेला असे आणि दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो लागत नसे. "माझा शर्ट चोरून कुणाला पचायचा नाही," असं ते म्हणत.

खांद्याचं माप पाठीमागून घ्यायचं, हा धंद्यातला पहिला धडा. समोरून घेतलं की गिऱ्हाइकाचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो आणि नवशिके हमखास फसतात. पण त्या दुपारी मास्तरांना उभं राहवेना. ते स्टुलावर बसले, भिंतीला पाठ टेकली, आणि बाईंनी समोरूनच फीत लावली. बाई मापं बोलत गेल्या, मास्तर डोळे मिटून ऐकत गेले. मास्तरांनी आयुष्यात माप कधी लिहून घेतलं नाही. एकदा ऐकलं की ते डोक्यात कोरलं जायचं.

शर्ट शिवून झाला. बटणं लावून बाईंनी तो हँगरला अडकवला, तेव्हा त्यांची चूक त्यांच्यासमोर लटकली. डावा खांदा उतरता होता. एवढी वर्षं या धंद्यात काढून त्यांनी उजव्याचं डावं केलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला.

मग त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट आली. मास्तरांच्या हे लक्षात कसं आलं नाही? स्वतःचा कोणता खांदा उतरलाय, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. कापड त्यांनीच बेतलं, कात्री त्यांनीच चालवली, आणि एका शब्दानं विचारलं नाही.

"अहो, थांबा, तो उसवायचाय," असं म्हणेपर्यंत मास्तर शर्ट घेऊन ट्रायलच्या खोलीत गेलेही होते. पडद्याखालचे पाय वळले. ते बाहेर आले आणि बाईंकडे पाठ करून उभे राहिले.

"बघ."

शर्ट अंगावर ओतल्यासारखा बसला होता. पाठीला चुणी नव्हती, काखेत ओढ नव्हती. बाईंनी मागून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवले. बाईंचा डावा हात खाली राहिला.

४

आजारी माणूस एका कुशीवर झोपतो, अंग आखडतं, असं बाईंनी स्वतःला समजावलं. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्यांनी मास्तरांचं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की डाव्या बरगडीखाली प्लीहा वाढली की माणूस नकळत त्या अंगाला झुकतो. बाईंच्या जिवात जीव आला. कारण मिळालं की अर्धं दुखणं बरं होतं.

पण प्लीहा वाढली तर ती वाढलेली राहील. ती आज आहे आणि उद्या नाही, असं कसं होईल? दोन दिवसांनी शर्ट मास्तरांना बसेना. उजवीकडे चुण्या पडल्या, कॉलर वाकडी झाली. बाईंनी मागून तळहात ठेवले. उजवा खांदा खाली होता, जन्मभर होता तसा. आठवडाभरानं पुन्हा डावा.

त्यांनी मास्तरांना काही सांगितलं नाही. त्याच कापडाचा दुसरा शर्ट त्यांनी स्वतः बेतला, उजवा खांदा उतरता ठेवून, आणि दोन्ही शर्ट शेजारी-शेजारी खिळ्यांना अडकवले. सकाळी चहा देताना त्या मास्तरांच्या पाठीकडे बघत आणि त्या दिवशीचा शर्ट काढून देत. वेड लागायची ही लक्षणं आहेत, असं त्यांना वाटे. पण शर्ट दर वेळी बरोबर बसे.

मशीनचंही तसंच. मास्तर पायडल मारताना मध्ये एक बारीकसा ठेका सोडत. लंगडा माणूस जिना उतरतो तसा तो आवाज यायचा. बाई त्या आवाजावर भाजी चिरत, त्या आवाजावर डुलकी काढत. आता काही दिवस मशीन सलग चाले. ठेका नाही, थांबा नाही. काम दुप्पट व्हायचं आणि टाके इतके सारखे पडायचे की बोट ठेवायला जागा नसे.

"दादा किती तरतरीत दिसतोय!" नणंद म्हणाली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि भावाची खबर घ्यायला येऊन-जाऊन असायची. "वहिनी, नवी गोळी मानवली हो त्याला. मघाशी मला म्हणाला, तुझं नाक लहानपणी केवढं होतं, आता चेहऱ्यात मावतंय. असा बोलायचा का तो कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "असं नाही बोलायचे."

त्या दिवशी डावा खांदा होता.

त्याच दुपारी बाई आतल्या खोलीत कपडे घडी घालत होत्या. ट्रायलच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला. मास्तरांचा खाकरा, शेवटी जरा वर चढणारा. बाई "आले हं" म्हणत दुकानात आल्या. मास्तर टेबलापाशी वाकून खडूनं रेघ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. पडदा किंचित हलत होता. पंख्याचा वारा असेल, असं म्हणून बाईंनी पंखा बंद केला. पाती थांबली, तरी पडदा थोडा वेळ हलत राहिला.

५

एका सकाळी मास्तरांनी पांढरी गोळी बशीतच ठेवली.

"घ्या ना. चहा निवतोय."

"ही नको देत जाऊस."

त्या दिवशी उजवा खांदा होता. बाईंनी ते आधीच पाहून ठेवलं होतं. त्या शेजारी बसल्या. मास्तरांचा चेहरा उतरला होता आणि डोळे खोल गेले होते. किती दिवसांनी हा माणूस भेटतोय, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटल्याचीच त्यांना भीती वाटली.

"काय होतंय घेतल्यावर? मळमळतं?"

"नाही गं. कसं सांगू... खडूची रेघ झटकतात ना ब्रशनं? तसं होतं. थोडं थोडं जातं. मध्ये मध्ये मी नसतोच. तुला नाही जाणवत?"

बाईंनी बशी पुढे सरकवली. जाणवत होतं. पण जाणवतंय म्हटलं की ते खरं होणार होतं.

"तुम्ही नसता म्हणजे? समोर तर असता दिवसभर."

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," मास्तर म्हणाले. "या दोन गोळ्यांतली एक मला झटकणारी आहे आणि एक त्या दुसऱ्याला. ही माझ्यावरची. तू रोज सकाळी मलाच पुसतेयस."

"अहो, ही तर किती वर्षं घेताय! तेव्हा नाही काही गेलं?"

"तेव्हा घरात मी एकटा होतो."

बाई उठल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. जुनी मुळीच चुकवायची नाही, पहिला उठून बसेल. आजारी माणूस औषधाला कंटाळला की काहीबाही बोलतो. त्याचं ऐकलं आणि काही बरंवाईट झालं तर जन्माचा चटका. सगळं शहाणपण एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला फक्त मास्तरांचा चेहरा. बाईंनी शहाणपण धरलं. त्यांनी गोळी मास्तरांच्या ओठांशी नेली.

"माझ्यासाठी घ्या."

मास्तरांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग गोळी घेतली. चहा संपवून उभे राहिले, हनुवटी वर केली आणि म्हणाले, "वरचं बटण तेवढं लाव गं."

बाईंनी लावलं.

दुसऱ्या दिवशी डबा काढायच्या आतच मास्तर समोर तळहात पसरून उभे होते. एवढ्या वर्षांत गोळी त्यांनी आपणहून कधी मागितली नव्हती.

"आण," ते हसून म्हणाले. "पांढरी आधी."

६

त्यानंतर उजवा खांदा दिसला नाही. बाई रोज सकाळी बघत. आधी चोरून, मग उघड. एकेक दिवस त्या मनाची समजूत घालत की उद्या दिसेल.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठूनच भेटल्या.

"मास्तर, पार्टी द्या. गळ्याच्या गाठी कमी झाल्यात. दुसरा अजून आहे, पण शहाण्यासारखा वागतोय. आणि खरी बातमी पुढेच आहे. तो पहिला, एवढ्या वर्षांचा जुना... गेला."

"गेला म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"रक्तात त्याची एक खूण असते. दर वेळी थोडी का होईना, ती सापडायची. या वेळी मशीनला सापडलीच नाही. म्हणून पुन्हा तपासलं. अजिबात नाही. जसा काही तो या शरीरात कधी नव्हताच. गोळी अजून बंद करायची नाही, पण आनंद करायला हरकत नाही."

मास्तर मोकळेपणानं हसत होते. डॉक्टरीणबाईंनी बाईंचे हात हातात घेतले आणि त्या एकदम म्हणाल्या, "अहो, किती गार पडलात!"

"माझ्या मनात होतं," बाई म्हणाल्या, "की गेलाच कुणी, तर नवा जाईल."

"नवाही जाईल. धीर धरा."

"जुना ह्यांचा होता," बाई म्हणाल्या. पण ते इतकं हळू, की कुणाला ऐकू गेलं नाही.

परत येताना मास्तरांनी रस्ताभर गप्पा मारल्या. दुकानाला रंग देऊ म्हणाले, ट्रायलच्या खोलीच्या फळ्या काढून टाकू म्हणाले, उगीच जागा अडते. बाई एक पाऊल मागे राहून चालत होत्या. समोर त्या शर्टाची पाठ होती, बिनचुणीची. डावा खांदा उतरला होता आणि तो शर्ट त्यांच्याच चुकीच्या मापाचा होता. आपणच समोरून माप घेतलं आणि आपणच ह्याला अंगभर कपडा शिवून दिला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना रस्त्यातच बसून रडावंसं वाटलं.

७

दुसऱ्या सकाळी त्या चहा घेऊन आल्या, तेव्हा मास्तर आरशासमोर उभे होते. सगळी बटणं लागली होती. वरचंसुद्धा.

"अहो, हे कसं जमलं?"

"त्यात काय मोठंसं?" ते म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.

दुपार झाली. रस्ता सामसूम होता. मशीन सलग चाललं होतं. बाई मागच्या दारात तुरपाई घेऊन बसल्या होत्या. सुईत दोरा ओवायला त्यांनी मान वर केली आणि सवयीनं पडद्याखाली पाहिलं.

आत पाय होते.

अनवाणी, टाचा पडद्याकडे, भिंतीकडे तोंड करून उभे. उजवी टाच जरा उचललेली, पायडलवर ठेवलेल्या पायासारखी. सकाळपासून दुकानात कुणी आलं नव्हतं. येणाऱ्याला बाईंसमोरूनच जावं लागलं असतं.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. पाय तिथंच होते.

किंचाळावं असं त्यांना वाटलं नाही. मास्तरांना घरी यायला उशीर झाला की त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि पावलं ऐकली की हायसं वाटायचं, तसं काहीतरी झालं. त्या उठल्या. खिळ्यावरचा शर्ट काढला, त्यांनी स्वतः बेतलेला, उजवा खांदा उतरता असलेला.

"कोण आहे गं आत?" मशीनवरून आवाज आला.

"गिऱ्हाईक."

मशीन थांबलं. मशीनवरच्या माणसानं मान वळवली नाही.

"उजवा खांदा उतरलेला असेल त्याचा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "देऊन टाक त्याला शर्ट. नेऊ दे. पडदा मात्र सरकवू नकोस."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

बाईंनी शर्ट पडद्यावरून धरला. आतून एक हात वर आला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लग्नाच्या वर्षी मशीनची सुई तिथून आरपार गेली होती आणि बाईंनीच पट्टी बांधली होती. मशीनवरच्या हाताचा अंगठा बघायची त्यांची छाती झाली नाही. हातानं शर्ट आत घेतला. बाह्यांची सळसळ झाली. मग एकेक बटण लागल्याचा बारीक आवाज, खालून वर, शेवटच्या आधीच्या बटणापर्यंत.

तिथे सगळं थांबलं. पाय पडद्याकडे वळले.

"वरचं बटण तेवढं लाव गं."

आवाज अगदी जवळून आला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. पडदा त्यांनी सरकवला नाही. फक्त कडेच्या फटीतून दोन्ही हात आत घातले, वर, रोज जायचे तिथपर्यंत. बोटांना कॉलर लागली, त्यांच्याच हातचे टाके. बटण सापडलं. काज सापडलं. आत गळा मात्र कुठंच लागेना.

तरी बाईंनी बटण लावलं. नीट, हळूच, टोचणार नाही असं, रोज लावत तसं.

"झालं," त्या म्हणाल्या.